कंबर कसताना

वस्त्रे धारण करण्यासाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत. लुगडे, धोतर, पंचा, मुकटा ही नेसायची वस्त्रे होत. सदरा, कोट, विजार हे घालायचे कपडे. आमच्या कोंकणीतही कापड न्हेसतात आणि खमीस घालतात. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. नेसायचे वस्त्र मुळात निराकार असते; त्याला आकार येतो तो देहामुळे. घालायच्या कपड्याला आकार अगोदरच दिलेला असतो आणि देहाने त्यात जाऊन बसावे अशी अपेक्षा असते. देवळाच्या गर्भागारात सेवा करणारे भटजी न शिवलेले वस्त्र नेसतात, त्याची शास्त्रोक्त कारणे जाणकार सांगतील. मला त्या वस्त्राचा एक लौकिक गुण दिसतो तो हा, की त्याला माप नसते. कृश भटजी आणि स्थूल भटजी एकाच ताग्यातले सोवळे नेसून पूजेला उभे राहतात आणि दोघांपैकी कोणालाही ओशाळवाणे वाटत नाही.

माझी गणना त्यांतल्या दुसऱ्या प्रकारात होते. वकिली सुरू केल्यापासून मी न्यायालयात पांढरी साडी नेसते आणि वर काळा कोट चढवते. या साडीने माझ्या वाढत्या घेराबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. निऱ्या दोन कमी झाल्या एवढेच. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर वैद्यांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवून रोज अर्धा तास जलद चालण्याचा आणि झेपेल तसे हळूहळू धावण्याचा सल्ला दिला, तेव्हा गुडघे, दम, पहाटेचे उठणे, साऱ्या अडचणींचा विचार मी केला. विजारीचा विचार मनाला शिवलाही नव्हता.

सल्ला झिडकारण्याजोगा नव्हता. माझ्या आईला पन्नाशीत मधुमेह जडला होता. तिलाही चालायला सांगितले होते. परंतु घर, पाहुणे, सणवार यांतून तिचे चालणे देवळाच्या प्रदक्षिणांपलीकडे कधी गेले नाही. शेवटी पायाला झालेली एक लहानशी जखम चिघळली आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. त्यानंतर तिच्या प्रदक्षिणाही संपल्या. सभामंडपाच्या खांबाला टेकून ती इतरांच्या प्रदक्षिणा मोजत बसे. तिचे ते मोजणे माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे.

तेव्हा मी बाजारातून एक विजार आणली आणि पहाटे तळीच्या काठाने धावू लागले. शंभर पावलांत विजार चार बोटे खाली आली. ती वर ओढली. पुन्हा शंभर पावलांत तेच. धावताना माणसाचे पाऊल मिनिटाला दीडशेच्या आसपास पडते, म्हणजे मिनिटाला एकदा तरी थांबणे आले, नाहीतर एक हात कायम कमरेवर ठेवणे आले. शेजारच्या वाड्यावरच्या एक वृद्ध मावशी फुले काढता काढता मला म्हणाल्या, “आगो बाये, कोण पाटीं लागला तुज्या?” मी हसून पुढे गेले, पण माझे सारे चित्त कमरेच्या त्या पट्टीत गुंतले होते. जाड्या बाईला आपला समाज चालण्याचा उपदेश मोठ्या उदारपणे करतो. ती खरोखरच रस्त्यावर उतरली की तेच डोळे तिच्याकडे पाहून हसतात. त्यांतून विजार घसरू लागली, तर ती बाई दुसऱ्या दिवशी घरी राहते. पुष्कळ जणींची व्यायामाची प्रतिज्ञा आळसामुळे मोडली असे आपण म्हणतो. त्यांतल्या काहींची इलॅस्टिकमुळे मोडली असेल, याची चौकशी कोणी करीत नाही.

मग दुकाने पालथी घालणे सुरू झाले. एका मोठ्या दुकानातल्या मुलीने मला आपादमस्तक न्याहाळून, “तुमच्या मापात पुरुषांच्या विभागात पाहा,” असे सुचवले. पुरुषांची विजार कमरेला येई ती नितंबांवर अडकत असे आणि नितंबांवरून जाई ती कमरेला कणगीसारखी उघडी राही. दुसऱ्या ठिकाणी माझ्या मापाची एक विजार होती. किंमत तीन हजारांच्या वर. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के झाला, तेव्हा महाग विजारीला सरकारचा हातभारही अधिक लागतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चारशे रुपयांना एक मिळाली. ती महिनाभरात गुडघ्यांशी फुगली आणि कमरेशी मेली.

वकिलाला अशा वेळी एकच प्रश्न सुचतो: हे माप ठरवले कोणी? शोध घेतला तेव्हा एक उद्बोधक इतिहास हाती लागला. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली, एकेकीची एकोणसाठ. उद्देश स्तुत्य होता, कारण टपालाने मागवलेले कपडे अंगाला न बसल्यामुळे ढिगांनी परत येत. परंतु अहवालात गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली गेली. या पाहणीच्या आधारावर १९५८ साली तेथे स्त्रियांच्या कपड्यांचे प्रमाण जाहीर झाले आणि १९८३ साली ते मागे घेण्यात आले. कारण त्या ठरीव आकृतीत मावणाऱ्या स्त्रिया व्यवहारात फार थोड्या भेटल्या. आपल्याकडे देशी अंगमापांची पाहणी करण्याची योजना २०१८ मध्ये घोषित झाली: सहा शहरांतील पंधरा ते पासष्ट वयाच्या पंचवीस हजार स्त्रीपुरुषांची मापे यंत्राने घ्यावयाची, अशी. तोवर आपण परक्या आकृतींवरून काढलेली अक्षरेच वापरीत आलो होतो.

कारखान्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. तेथे एका मध्यम बांध्याच्या देहावर कपडा बेतला जातो आणि पुढची मापे त्याच नमुन्याला सर्व बाजूंनी ठरावीक वाढ देऊन काढली जातात. देह मात्र असा सर्व बाजूंनी सारखा वाढत नाही. कोणाचे पोट वाढते, कोणाच्या मांड्या. पायांची लांबी तर मुळीच वाढत नाही. म्हणून मोठ्या मापाची विजार पायात लोळते आणि जिथे कापड हवे तिथे अपुरी पडते. वेष्टनबंद मालासंबंधीचे २०११ चे नियम सांगतात, की मालाच्या बाबतीत आकार महत्त्वाचा असेल तर त्याची मापे वेष्टनावर छापावीत. मी चिठ्ठ्या वाचल्या. कमरेचा घेर सेंटिमीटरांत दिलेला असतो. परंतु विजार अंगावर टिकणार की नाही हे ज्या मापावर ठरते, ते तिथे आढळत नाही.

ते माप म्हणजे आसन. शिंप्यांच्या भाषेत, पुढच्या कमरपट्टीपासून दोन्ही पायांमधून मागच्या कमरपट्टीपर्यंत जी लांबी भरते ती. ही लांबी अपुरी असली म्हणजे गुडघा वर उचलताच कापड ताणले जाते आणि कमरपट्टीला, प्रथम पाठीमागून, खाली खेचते. शिवाय पट्टी पोटाच्या खालच्या उतारावर बसवलेली असेल तर तिची अवस्था उतरत्या कौलांवर ठेवलेल्या नारळासारखी होते; कितीही जपून ठेवा, तो घरंगळणारच. पट्टीला विसावा मिळतो तो देहाच्या अरुंद जागी, म्हणजे पोटाच्या वर, बरगड्यांच्या खाली. आणि आसन अपुरे असेल तर पट्टी त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. लोक इलॅस्टिक घट्ट करतात. त्याने वळ उठतात, श्वास कोंडतो, आणि विजार खाली यायची ती येतेच.

हे ध्यानात आले तेव्हा मला माझ्या आजीचा काष्टा आठवला. ती नऊवारी नेसून शेतात वाकत असे, विहिरीचे पाणी ओढीत असे, डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या चढत असे. बांध्याने माझ्याहून उणी नव्हती. तिच्या लुगड्याला इलॅस्टिक नव्हते. कमरेला एक गाठ आणि पायांमधून मागे नेऊन खोचलेला सोगा, एवढ्यावर सारा कारभार. कासोटा म्हणजे दुसरे काय? देहाला जेवढे हवे तेवढेच घेतलेले आसन! उरलेले कापड निऱ्यांत जाई. पालखीचे भोई, शेतकरी, कोळी, सारे याच विद्येवर दिवसभर वावरत. ‘कंबर कसणे’ हा वाक्प्रचार आपण आता निश्चयाचा पर्याय म्हणून वापरतो. तो रूढ करणाऱ्यांच्या दृष्टीने त्यात हाताने करण्याची एक कृती होती, आणि निश्चय मागून येत असे.

नऊवारी नेसून धावावे असे माझे म्हणणे नाही. घामाने भिजलेले नऊ वार सुती कापड मांड्यांना घासू लागले तर काय होईल, हे सांगायला नको. या बाबतीत नव्या काळाचे ऋण मानलेच पाहिजे. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने जो ताणला जाणारा धागा सिद्ध केला, तो स्पॅन्डेक्स या नावाने आज घरोघरी पोहोचला आहे. नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये त्याचे थोडे प्रमाण मिसळले की कापड अंगाबरोबर ताणते, पुन्हा मूळ पदावर येते, आणि घाम सुतासारखा धरून ठेवीत नाही. प्रश्न एवढाच होता, की आजीचे आसन आणि शिव्हर्सचा धागा यांची गाठ कोण घालून देणार?

ती गाठ फोंड्याच्या बाजारात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी घातली. त्या शाळांचे खेळाचे गणवेश शिवतात, म्हणून त्यांच्याकडे ओव्हरलॉकचे यंत्र आहे. ताणणाऱ्या कापडाला साधी सरळ शिवण चालत नाही. कापड ताणले की दोरा तुटतो. त्यांनी माझी उभी मापे घेतली, मग स्टुलावर बसवून घेतली, मग एक पाय पायरीवर ठेवायला लावून पुन्हा घेतली. पुढचे आसन आणि मागचे आसन त्यांनी वेगवेगळे मोजले. मागचे बरेच अधिक भरले. दोन पायांच्या सांध्यात एक चौकोनी तुकडा घातला, म्हणजे चार शिवणी एका ठिकाणी येऊन घासत नाहीत. कमरपट्टी चार बोटे रुंद, दुहेरी, आत बसते इलॅस्टिक, आणि त्यातून ओवलेली खरी नाडी. किल्लीसाठी खिसा बाजूला न ठेवता मागे पट्टीतच केला, कारण बाजूचे ओझे विजारीला त्या बाजूने ओढते. कापड आणि शिलाई मिळून सातशे रुपये झाले.

“यापूर्वी कोणी अशी विजार शिवून घेतली नाही का?” मी विचारले. बाई म्हणाल्या, “मापां दिवपाक लजतात गो.” मापे देण्याची लाज! वर्षानुवर्षे खटले चालवलेल्या मला या चार शब्दांत साऱ्या प्रकरणाचे मर्म मिळाले. कपडा बसला नाही की आपण कपड्याला जाब विचारीत नाही. देहाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि पुराव्याचा भारही त्याच्याच शिरावर टाकतो. वस्तुतः माप म्हणजे साक्ष असते, शिक्षा नव्हे. फीत काही म्हणत नाही; ती फक्त सांगते, की इथे इतके कापड लागेल.

त्या विजारीला आता वर्ष होत आले. तिला गरम पाणी आणि कडक ऊन वर्ज्य आहे, कारण ताणणारा धागा उष्णतेने मरतो. गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवते. तयार कपडा घेणे ज्यांना भाग आहे त्यांनी दुकानातच स्टुलावर बसून पाहावे, गुडघा दहा वेळा छातीच्या दिशेने उचलावा, आणि कापड वीतभर ताणून सोडल्यावर त्यावर लाट राहते का ते तपासावे. पट्टी मागून सरकली तर, किंमत कितीही उतरवलेली असो, ती विजार तिथेच ठेवून यावे.

माझे वजन विशेष उतरलेले नाही. साखरेचा आकडा उतरला आहे, आणि मी तळीला सहा फेऱ्या न थांबता, दोन्ही हात मोकळे ठेवून घालू शकते. आमच्या देवळांत देहाला क्षेत्र म्हणण्याची रीत आहे. क्षेत्राची सीमा आखायची तर आधी जमिनीवर जाऊन मोजणी करावी लागते, दुसऱ्याच्या जमिनीचा नकाशा आणून ती ठरत नाही. हे आमच्या दिवाणी न्यायालयातला नवखा वकीलही जाणतो. फुले काढणाऱ्या मावशींनी परवा मला थांबवून हळूच त्या बाईंच्या दुकानाचा पत्ता विचारला. सून बाळंतपणानंतर घरातून बाहेर पडत नाही, म्हणाल्या. मी पत्ता दिला आणि सांगितले, की मापे देताना तिने पोट आत ओढून धरू नये.