हसायचं कोणाला?

अब्बांच्या टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट नेहमी लागायची. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांची ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. खेड्यातला मुलगा इंग्रज मुलीशी लग्न ठरवतो आणि गावाकडची मंडळी विमानाने लंडनला निघतात, एवढीच गोष्ट. त्यातली ५२ पात्रं सर एकटेच उभी करत. कॅसेटवर तर नुसता आवाज!

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या मराठीत उर्दू सहज मिसळलेली. अम्मीला ती बोली घरची वाटे. ती पदर तोंडाला लावून हसायची.

गेल्या महिन्यात इथे धसईत एका मुलाने वर्गात घरच्या बोलीत उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. तरी मुलं हसली आणि मलाही हसू आलं. तो खाली बसला, तो दिवसभर बोललाच नाही.

त्या रात्री मोबाइलवर पुन्हा ‘वऱ्हाड’ ऐकलं. देशपांडे सर बोलीला हसत नाहीत, बोलीतून हसवतात. त्यांची माणसं भाबडी आहेत, मूर्ख नाहीत. हसून झालं की ती आपली वाटतात. माझ्या हसण्याने मात्र एक लेकरू परकं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गाला थोडं ‘वऱ्हाड’ ऐकवलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “काल माझं चुकलं. तुझी आजी सांगते ना, तशीच एखादी गोष्ट सांगशील?”

तो अजून उठलेला नाही. पण परवा हळूच विचारत होता, “बाई, लांबलचक असली तरी चालंल?”