कातळातील धोक्याचे वाचन

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव परिसरातील सपाट माथ्यांचे डोंगर बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या कातळाच्या, थरांवर उभे असून तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहिला. दख्खनच्या या थरांमध्ये ठिकठिकाणी आढळणारी तांबडी माती, जिला भूवैज्ञानिक ‘बोल’ म्हणतात, ती बहुधा दोन उद्रेकांमधील विश्रांतीची खूण असते. ज्वालामुखीच्या धोक्यांचा अभ्यासक अशा खुणा चिकाटीने वाचतो, कारण उद्रेक किती अंतराने झाले हे कळल्याखेरीज त्यांतून निघालेल्या गंधकयुक्त वायूंचा हवामानावरील परिणाम अजमावता येत नाही. १७८३ मध्ये आइसलंडमधील लाकी येथे असाच भेगी उद्रेक झाला, तेव्हा लाव्ह्यापेक्षा विषारी वायू व त्यांमागोमाग आलेला दुष्काळच अधिक घातक ठरला आणि तेथील सुमारे एक पंचमांश लोक दगावले. दख्खनचे उद्रेक तर त्याहून कितीतरी प्रचंड होते.

आज सातारा जिल्ह्याला ज्वालामुखीचे भय नाही. मात्र ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने कातळाखालील अस्वस्थता उघड केली, आणि पुढे संशोधकांनी तेथे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन बेसॉल्टखालचा ग्रॅनाइटी खडक तपासला. अशा विज्ञानाचे फळ बहुधा पुढच्या पिढ्यांच्याच पदरी पडते, म्हणूनच त्याला समाजाचा दीर्घकालीन आधार मिळणे अत्यावश्यक आहे.