दहाचा पाना आणि एक सॉरी

सिग्नलला गाडी बंद पडली की मागचे हॉर्न कसे वाजतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यातून डेक्कन, त्यातून संध्याकाळचे सात! बाबा चावी फिरवताहेत, स्टार्टर नुसताच घरघरतोय, आणि बाजूच्या बाइकवरचा हिरो ओरडतोय, ‘काका, जमत नसेल तर रिक्षाने जा ना!’

महिन्यात असं तीनदा झालं. दरवेळी दहा-पंधरा मिनिटांनी गाडी निमूट सुरू. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सकाळी थंड गाडी फिरवून आणली आणि निकाल दिला, ‘गाडी टकाटक आहे. काका क्लच लवकर सोडत असतील.’ आईने मान डोलावली. मी तर त्याच्याही पुढे. म्हटलं, ‘बाबा, आता तुम्ही गाडी चालवायचं बंदच करा ना.’ एकोणसत्तर वर्षांचे बाबा काही बोलले नाहीत. चावी फ्रिजवर ठेवली. त्यानंतर बँक काय आणि मंडई काय, सगळीकडे रिक्षा.

मग एका रविवारी चांदणी चौकाच्या चढावर गाडी माझ्या हातात होती. तिसरा गिअर, क्लचला पायही नाही, आणि इंजिन गप्प! कशीबशी कडेला घेतली. तिथे बसल्या बसल्या ट्यूब पेटली. क्लचमुळे बंद पडलेली गाडी लगेच सुरू होते. ही थंड व्हायची वाट का बघते?

आमची हॅचबॅक २०१४ ची. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला. मोबाइलवर कोड आला : पी ०३३५. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर!

फंडा सोपा आहे. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चक्र फिरतं. बऱ्याच गाड्यांत ६० दातांच्या जागा असतात आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले. सेन्सर हे दात मोजतो. गाळलेली जागा आली की इंजिन कुठल्या स्थितीत आहे, हे कॉम्प्युटरला कळतं. हा सिग्नल गेला की ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी सोडायचं, काहीच कळत नाही. जुन्या सेन्सरची आतली बारीक तार तापली की कधीकधी तुटक होते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. म्हणून तर सकाळी गाडी टकाटक!

कोड सर्किटकडे बोट दाखवतो, म्हणून आधी वायर आणि प्लग तपासले. ठीक होते. नवा सेन्सर आणला. पण जुना बसलेला कुठे? इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या सांध्याला, अगदी खोल. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, एअर फिल्टरचा डबा बाजूला केला. तरी बोल्ट दिसेना. बाबांचा हात आत जाईना, माझा कोपरापर्यंत गेला. मग बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर टॉर्च धरून, आणि मी आंधळी कोशिंबीर खेळत. दहाच्या पान्याने एकुलता एक बोल्ट सुटायला पाऊण तास लागला. सेन्सर मात्र हलेना.

‘ओढू नकोस, तुटेल. गंजाचं तेल मार, थांब, मग गोल फिरव.’ बाबांनी सांगितलं. फिरवला. आला!

भोकात कचरा जाऊ नये म्हणून त्यावर फडकं धरलं, कडा पुसली, नव्या सेन्सरच्या रबरी रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं आणि तो हातानेच दाबून बसवला. ठोकाठोकी नाही. प्लग ‘टक्’ वाजला तेव्हा मी बॉनेटमध्ये डोकं खुपसूनच म्हणाले, ‘बाबा, सॉरी. क्लचचं.’

‘टॉर्च बंद करू का?’ बाबा म्हणाले.

कोड पुसला आणि फ्रिजवरची चावी त्यांच्या हातात दिली. भर दुपारी बाबांनी तासभर गाडी पळवली. कुठेही बंद पडली नाही. येताना डेक्कनला नेमका लाल सिग्नल लागला. हिरवा झाला, बाबांनी क्लच सोडला. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.