दाढ आणि पुण्याचं तिकीट

पार्सिपनीत रूट ४६वर डेंटिस्टच्या पाट्या जागोजागी दिसतात, तरी आपल्या मंडळींची दाढ पुण्याच्या तिकिटाची वाट बघत ठणकत असते. इथे दातांचा विमा वेगळा. त्याची वर्षाची मर्यादा बहुधा हजार-दीड हजार डॉलर. एक रूट कॅनॉल आणि वर कॅप, की संपली!

सात वर्षांनी मी त्या खुर्चीत बसले. हायजिनिस्टबाई हिरड्यांची खोली मोजत पाढे म्हणावेत तसे आकडे सांगत होत्या : दोन, तीन, तीन, पाच. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच म्हणजे हिरडी दात सोडू लागली. दुखत मात्र काहीच नव्हतं.

तपासणी आणि सफाई वर्षातून दोनदा बहुतेक विम्यांत पूर्ण धरलेली असते. मैत्रिणींनो, मुलांची अपॉइंटमेंट घ्याल तेव्हा त्याच फोनवर आपलीही घ्या.