साखर, ग्लायसीन आणि माझे डोळे

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून तपासणीच्या टेबलावर माझ्या जागी एक शिकाऊ मुलगी बसते. काळ्या-पांढऱ्या पडद्यासमोर इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडींच्या औषधाची, बाटली हलकेच फिरवायची आणि एखादा तंतू चमकतो का ते बघायचं. यंत्राआधी गढूळपणा मला दिसतो, हे मी चारचौघांत ऐकवत असे. आता ती ऐकवते, आणि मला ते झोंबतं.

परवा तिनं विचारलं, "सर, औषध टिकावं म्हणून आपण घालतो ते ग्लायसीन अँटिबॉडीला नेमकं चिकटतं कुठे?"

चिकटतच नाही, तिथेच तर सगळी गोम आहे! ग्लायसीन काय, साखर काय, प्रथिनापासून अंग चोरूनच असतात. प्रथिन उलगडू लागलं की त्याचा पृष्ठभाग वाढतो, तो या रेणूंना आणखीच नकोसा. म्हणून घडी टिकते. पण हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र आला की एकाची अँटिबॉडी दुसऱ्याच्या अँटिबॉडीलाच ओळखते आणि जोड्या जमतात. या जोड्यांनी माझी वर्षं खाल्ली. सामू ४ ते ५ च्या दरम्यान उतरवला की त्या कमी होतात. फार उतरवला तर प्रथिनाचीच मोडतोड. ग्लायसीनऐवजी प्रोलीन घातलं, तर ते जोड्या जरा बऱ्या आवरतं.

गोळे झालेली अँटिबॉडी शिरेत गेली तर शरीर खवळतं. म्हणूनच सुरुवातीची औषधं स्नायूतच टोचत.

पुढे शिरेतून देता येणारी औषधं आली, त्यांतल्या जुन्या एका भुकटीत ग्रॅमभर प्रथिनामागे १.६७ ग्रॅम सुक्रोज असे. गियाँ-बारे सिंड्रोमच्या (जीबीएस) साठ किलोच्या रुग्णाचा एकूण डोस १२० ग्रॅम. म्हणजे २०० ग्रॅम साखर थेट शिरेत. मूत्रपिंडाच्या पेशी ती ओढून घेतात, पण फोडू शकत नाहीत, फुगतात. अमेरिकेत १९९९ मध्ये मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी छापल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक सुक्रोजवाल्या औषधांच्या होत्या. माल्टोज या दुसऱ्या साखरेची तऱ्हा निराळी: काही ग्लुकोमीटरना ते ग्लुकोजच वाटतं, आकडा खोटाच चढतो आणि नको तेव्हा इन्सुलिन टोचलं जातं.

आमच्या धंद्यातले भाईबंद हल्ली 'साखरविरहित' असं मिरवतात, जणू प्रोलीन म्हणजे गंगाजल. रक्तात प्रोलीन साठण्याचा जन्मजात विकार असलेल्यांना तेही चालत नाही.

घरात कुणाला हे औषध चढणार असेल, तर त्यात स्थिरक कोणतं आहे ते डॉक्टरांना विचारा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. आणि बाटली कुणाला खळखळवू देऊ नका. फेसात प्रथिन उलगडतं, तिथे आमचं ग्लायसीन पुरं पडत नाही.