चार बटणे, बत्तीस अक्षरे

आमची आत्या बोर्डीला राहते. सुरूच्या बनामागे चिकूची वाडी, वाडीत जुने कौलारू घर. तरुणपणी तिने डहाणूकडच्या पाड्यांवर बालवाड्या चालवल्या. काचबिंदूने तिची दृष्टी आता इतकी मंदावली आहे की, टी.व्ही. हा तिच्यासाठी पाहण्याचा नव्हे, ऐकण्याचा विषय झाला आहे. त्यातच जुना रिमोट निकामी झाला. नव्यावर चाळीसेक बटणे, सारी एका आकाराची, एका स्पर्शाची. शेजारच्या मुलाला दर वेळी हाक मारण्यापेक्षा तिने टी.व्ही. बंद ठेवणे पसंत केले. लहान मुलांना जन्मभर 'आपले आपण करा' असे सांगणाऱ्या बाईने मुकाट्याने संध्याकाळच्या बातम्या सोडाव्यात, हे आम्हांस फार लागले.

आम्ही दोघे भाऊ, दोघेही मराठीचे अध्यापक. तिला चारच बटणांचा रिमोट घरी करून द्यावा असे आम्ही ठरवले. साधन म्हणून आर्डुइनो घेतला. २००५ साली इटलीतील इव्रेया गावी, मुख्यतः अभियंते नसलेल्यांसाठी सिद्ध झालेली ही छोटी पाटी. तिच्यावरील चिपला आपण लिहिलेल्या आज्ञा एकामागून एक पाळता येतात. जोडीला एक इन्फ्रारेड दिवा, त्याला पुरेसा प्रवाह देणारा ट्रान्झिस्टर आणि जुन्या रिमोटचे 'बोलणे' ऐकण्यासाठी तीन पायांचा ग्राहक.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. १८०० साली विल्यम हर्शलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवला, आणि जेथे काही दिसत नव्हते तेथेच पारा अधिक चढला. पुष्कळ मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून मात्र रिमोटचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. ऊन आणि जुने पिवळे बल्बही हाच प्रकाश ओततात. त्या कोलाहलात आपला आवाज वेगळा ओळखू यावा म्हणून रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा थरथरतो आणि ग्राहक तेवढ्याच थरथरीला कान देतो.

यापुढची गोष्ट छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक ऐकावी. आमच्या रिमोटची बोली 'एनईसी' या रूढ पद्धतीची निघाली. तिच्यात प्रारंभी ९ मिलिसेकंदांची दीर्घ साद, मग साडेचार मिलिसेकंदांचा विराम आणि नंतर ३२ चिन्हे. चिन्हे दोनच, शून्य आणि एक. दोहोंतील प्रकाशाचा ठोका अगदी सारखा. भेद आहे तो ठोक्यानंतरच्या काळोखाच्या लांबीत. ठोका व काळोख मिळून शून्याला १.१२५ मिलिसेकंद लागतात, एकाला २.२५. म्हणजे बरोबर दुप्पट. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन!

ही ३२ चिन्हे आठ-आठांच्या चार गटांत येतात. अनुष्टुभाचे चार चरण, दर चरणात आठ अक्षरे, हे वाचकांस आठवलेच असेल. पहिल्या गटात यंत्राचा पत्ता, दुसऱ्यात तोच पत्ता उलटा, लघूच्या जागी गुरू आणि गुरूच्या जागी लघू. तिसऱ्यात आज्ञा, चौथ्यात तीही उलटी. त्यामुळे कोणतेही बटण दाबा, १६ लघू आणि १६ गुरू ठरलेले. मात्रांची बेरीज नेहमी ४८. अक्षरसंख्या निश्चित आणि मात्राही निश्चित! माधवराव पटवर्धनांच्या 'छन्दोरचने'च्या अभ्यासकाला हा प्रकार कुतूहलाचा वाटावा. बटण दाबून धरले, तर रिमोट सारा श्लोक पुन्हा म्हणत नाही. 'तेच पुन्हा' एवढी एक छोटी खूण पाठवीत राहतो. पदांच्या पुस्तकांत कडव्याखाली नुसते 'धृ' छापतात, तसेच हे.

साम्य मोहक असले तरी ते ताणू नये. शब्दांमधल्या निःशब्दाविषयी आपण वर्गात बरेच सैल बोलतो; येथे तो निःशब्द मोजता येतो, म्हणून येथे काव्य आहे असे नव्हे. यंत्र आपले म्हणणे उलटे करून पुन्हा सांगते, कारण त्याला एकच अर्थ पोचवायचा असतो आणि ताळा जमला नाही तर संदेश टाकून द्यायचा असतो. कवितेला असा ताळा नाही. तिचा अर्थ ऐकणाऱ्यागणिक थोडा हलतो आणि तरीही ती पोचते.

रिमोटचा देह मात्र आत्याने ठरवला. चिप एका जुन्या लाकडी कंपासपेटीत बसवली. दोन पेन्सिल सेलवर ती निजून राहते आणि बटण दाबताच जागी होते. बटणांवर ठिपके चिकटवावेत अशी आमची सूचना होती. आत्या म्हणाली, "अरे, मोजायला कशाला लावता? बोटाला ओळख पटली की झाले." तिने वाडीतून चिकूची बी आणली, डब्यातून चिंचोका काढला, किनाऱ्यावरच्या दोन शिंपल्या निवडल्या. बी म्हणजे चालू-बंद. चिंचोका म्हणजे बातम्या. तो दाबला की चिप वाहिनीचे तीन आकडे स्वतःच ओळीने पाठवते. पालथी शिंपली आवाज वाढवते, उताणी कमी करते.

ही युक्ती तिची एकटीची नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरींची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, तेव्हा ताराबाईंनी परिसरातल्या बिया, शिंपले, पाने यांतून साधने घडवली. त्यामागे काटकसर होती, तसा एक विचारही होता: शिकण्याचे साधन शिकणाऱ्याच्या हाताला आधीपासून ओळखीचे असावे.

आम्ही आयुष्यभर वृत्ते शिकवली ती फळ्यावर, लघू-गुरूंच्या खुणा काढून. यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात ती कंपासपेटीच न्यावी असे मनात होते. पण आत्याने ती एका दिवसासाठीही द्यायला साफ नकार दिला. तेव्हा वर्गासाठी दुसरी करायला घेतली आहे.