पावसाची सुट्टी

मुलांनो, पावसाची सुट्टी तुम्हांला आवडते ना? खरे सांगू? मलाही आवडते. शिक्षकांना सुट्टी आवडत नाही, असे तुम्हांला वाटत असेल तर तो तुमचा गैरसमज आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. रात्री झोपण्याच्या वेळी मोबाइलवर संदेश आला. हवामान खात्याने आमच्या ठाणे जिल्ह्याला लाल रंगाचा इशारा दिला होता, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सर्व शाळांना सुट्टी जाहीर केली होती. उर्दूत आपण हाताने किंवा डोळ्यांनी इशारा करतो. मराठीत मात्र ‘इशारा देणे’ म्हणजे धोक्याची आधीच सूचना देणे. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर हवामान खाते त्याला सर्वांत वरच्या श्रेणीचा पाऊस मानते.

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. माझी मुलगी पहिलीत आहे. सुट्टीचे कळताच ती पलंगावर उड्या मारू लागली. तिच्या अम्मीने कांदाभजीसाठी कांदे चिरायला घेतले. मी तुमच्यासारख्याच मुलांच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन खिडकीशी बसलो. इतक्यात फोन वाजला. कुर्ल्याहून माझ्या अब्बांचा फोन होता.

“घर पर हो ना, बेटा?”

“जी अब्बा. सुट्टी आहे. टीव्हीवरही सांगितले आहे.”

“बाहर मत निकलना.”

“नाही निकलणार,” असे घाईघाईने म्हणून मी फोन ठेवला. तुमच्यापासून काय लपवू? माझ्या आवाजात कंटाळा होता. जोराचा पाऊस आला की अब्बांचा हा फोन ठरलेला. त्याच्या आदल्या वर्षी तर मी त्यांना चक्क म्हणालो होतो, “अब्बा, मी आता लहान आहे का?” त्यावर ते काही बोलले नव्हते.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिने विचारले, “अब्बू, पाऊस आला की दादाअब्बा नेहमी फोन का करतात?”

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि तसाच गप्प राहिलो. मग वह्या बाजूला ठेवल्या, तिला जवळ बसवले आणि २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगितली. तीच तुम्हांलाही सांगतो.

तो मंगळवार होता. मी सातवीत होतो. कुर्ल्यात आमची शाळा दुपारची होती. जेवणाची सुट्टी होण्याआधीच आभाळ काळेकुट्ट झाले आणि पाऊस सुरू झाला. तो थांबेचना. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याला, शंभर मिलिमीटरही पाऊस नव्हता. त्यात समुद्राला भरती आली. पाणी समुद्रात जाईना आणि मिठी नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. लोकलगाड्या थांबल्या, वीज गेली, फोन बंद पडले.

ज्या शिक्षकांची घरे जवळ होती ते आपापल्या बाजूची मुले बरोबर घेऊन निघाले. काही मुलांना पालक घेऊन गेले. उरलो आम्ही तीस-पस्तीस मुले, दोन शिपाई आणि आमचे मराठीचे सर. तळमजल्यावर पाणी शिरले तसे सरांनी आम्हांला दुसऱ्या मजल्यावर नेले. त्यांनी हजेरीपट घेतला आणि एकेकाचे नाव पुकारले. अंधार पडल्यावर दर तासाला ते पुन्हा हजेरी घ्यायचे. एरवी हजेरीला आम्ही चेष्टामस्करी करायचो. त्या रात्री आपले नाव ऐकले की धीर वाटायचा.

शेजारच्या चाळीतली माणसे छातीएवढ्या पाण्यातून डोक्यावर खिचडीचे पातेले घेऊन आली. आम्ही कोण, कुणाची मुले, हे त्यांनी विचारले नाही. सरांनी सगळ्यांना वाढले आणि शेवटी पातेल्याला लागलेली खिचडी स्वतः खाल्ली.

सर बदलापूरला राहत. घरी त्यांची पत्नी आणि लहान मुलगी होती. तिकडे उल्हास नदीला पूर आला होता, पण हे आम्हांला फार नंतर कळले. मध्यरात्री मला जाग आली तेव्हा सर खिडकीपाशी उभे होते. मी हळूच विचारले, “सर, आपको फिक्र हो रही है?”

सर वळले आणि म्हणाले, “मराठीत सांग.”

मला शब्द सुचेना. तेव्हा त्यांनीच सांगितला. “काळजी. तुमच्या उर्दूत दोन शब्द आहेत. फिक्र करना आणि खयाल रखना. मराठीत दोन्हींना एकच शब्द. काळजी करणे आणि काळजी घेणे.” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “माझ्या मुलीची काळजी तिकडे कुणीतरी घेत असेल. मी तुमची घेतो. नुसती काळजी करत बसलो, तर घेणार कोण? झोप आता.”

मराठीचे पुष्कळ शब्द मी पुस्तकातून शिकलो. हा एक शब्द असा शिकलो.

आता अब्बांचे ऐका. अब्बा शिंपीकाम करत. त्यांचा कारखाना मरोळला होता. संध्याकाळी बस नाही, रिक्षा नाही, म्हणून ते पायीच निघाले. साकीनाका, जरीमरी असे करत, दोरीला आणि भिंतींना धरून ते रात्री उशिरा घरी पोहोचले. आमच्या खोलीत पाणी भरले होते. अम्मी आणि माझी धाकटी भावंडे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप होती. मी मात्र तिथे नव्हतो. अम्मी सांगते, अब्बा खाली बसलेसुद्धा नाहीत. पाण्याचा एक घोट घेतला आणि तसेच पुन्हा बाहेर पडले.

ते शाळेत पोहोचले तेव्हा फटफटत होते. दारात त्यांना पाहून मी काय म्हणालो असेन? “इतका उशीर का केला?” असे म्हणून मी फुगून बसलो. अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या डाव्या पायातून रक्त येत होते, ते सरांनी पाहिले. मी पाहिले नव्हते. पाण्याखालच्या पत्र्याने तळवा फाटला होता.

आठवड्याभराने अब्बांना ताप भरला. पुरानंतर त्या वर्षी मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे, हा रोग शरीरात शिरतो. अब्बा कितीतरी दिवस दवाखान्यात होते. त्या महिन्यात आमच्या घरी पगार आला नाही. पण अल्लाहच्या कृपेने ते बरे होऊन घरी आले. त्या पुरात राज्यात एक हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या घरच्यांनीही अशीच वाट पाहिली असेल.

सरांच्या घरात चिखल भरला होता. पत्नी आणि मुलगी मात्र सुखरूप होत्या. शाळा सुरू झाली तेव्हा सर नेहमीसारखे वर्गात आले, हजेरी घेतली आणि धडा सुरू केला. पुढे मी बी.एड. करून शिक्षक झालो. त्या रात्रीचा हजेरीपट मला अजून आठवतो.

गोष्ट संपली तशी मुलीने विचारले, “दादाअब्बांचा पाय आता दुखतो का?”

मला उत्तर माहीत नव्हते. वीस वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते! मी लगेच फोन लावला.

“अब्बा, आपका पाँव कैसा है?”

पलीकडून क्षणभर काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “तसा बरा आहे. पाऊस आला की थोडा दुखतो. तू याद आता है.”

मुलांनो, मी काय बोलणार? पाऊस आला की त्यांचा पाय दुखत होता, आणि त्यांच्या फोनचा मी कंटाळा करत होतो. मुलीने माझ्या हातातून फोन घेतला आणि ऐटीत सांगितले, “दादाअब्बा, आम्ही सगळे घरीच आहोत. तुम्हीपण बाहेर जाऊ नका हं!” अब्बा मोठ्याने हसले. इतके मोकळे हसणे मी फार दिवसांनी ऐकले.

वह्या त्या दिवशी तपासून झाल्या नाहीत, हे मी कबूल करतो.

पावसाची सुट्टी मिळाली की भजी खा, खेळा, गोष्टी वाचा. पण साचलेल्या पाण्यात खेळायला जाऊ नका. त्याखाली उघडे गटार आहे की फुटकी काच, हे वरून दिसत नाही. आणि तुमची अम्मी, दादी किंवा नाना एकच प्रश्न चार वेळा विचारतील, तर चारही वेळा नीट उत्तर द्या. त्या प्रश्नामागे काय आहे, हे तुम्हांला माहीत नसेल. एखाद्या पावसाच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून विचारून पाहा. मला विचारायला वीस वर्षे लागली. तुम्ही इतका उशीर करू नका.